पहिल्या सुडोकूची दोन उत्तरे

काकांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले. दोन्हींवर एकच सुडोकू होते, दोन्ही पूर्ण सोडवलेले होते आणि प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या लहान चौकोनात १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत या नियमाची दोन्हींत एकही चूक नव्हती. तरीही वरच्या डाव्या कोपऱ्यातले तीन अंक एका कागदावर १, २, ३ असे होते, तर दुसऱ्यावर २, ३, १ असे. "यातलं तुझं उत्तर कोणतं ते सांग, कारण मला दोन्ही बरोबर दिसतात," असे ते म्हणाले. मी स्वतः तयार केलेले ते पहिले कोडे होते, आणि ते कोडे म्हणून उभेच राहत नाही हे मला त्यांच्या त्या एका वाक्यातून कळले.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणेशोत्सवात दरवर्षी एक हस्तलिखित अंक निघतो. त्यात मुलांची चित्रे, कुणाचे प्रवासवर्णन, कुणाच्या पाककृती असतात. यंदा एक पान कोड्यासाठी राखले होते आणि रोज सकाळी लोकलमध्ये मी सुडोकू सोडवते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ते पान माझ्याकडे आले. वर्तमानपत्रातले एखादे कोडे उतरवून देणे सोपे होते. परंतु ज्या अंकातला प्रत्येक शब्द कुणीतरी स्वतः लिहिलेला असतो, त्यात दुसऱ्याने रचलेले कोडे द्यावे हे मला पटेना. शिवाय पंधरा वर्षे कोडी सोडवल्यावर एक तरी आपण रचता आले पाहिजे, असे मनापासून वाटत होते. शेजारच्या काकांना मी आधीच सांगून ठेवले की पहिली प्रत तपासायला तुमच्याकडे येईल. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि सुडोकू शाईच्या पेनने सोडवतात, त्यामुळे त्यांच्याहून कडक परीक्षक मला मिळाला नसता.

माझी पहिली कल्पना अशी होती की आधी पूर्ण भरलेला चौकोन तयार करायचा आणि मग त्यातले अंक खोडत जायचे. जितके जास्त खोडू, तितके कोडे अवघड. पूर्ण चौकोन तयार करण्याची एक युक्ती मला चौकटीच्या वहीत आकडे मांडताना सापडली. पहिल्या आडव्या ओळीत १ ते ९ क्रमाने लिहायचे आणि त्यांच्या तीन तिकड्या मानायच्या: १२३, ४५६, ७८९. पुढच्या दोन ओळींत या तिकड्या एकेक लहान चौकोन डावीकडे सरकवायच्या आणि पहिली तिकडी शेवटी न्यायची. चौथ्या ओळीपासून प्रत्येक तिकडीतला पहिला अंक उचलून शेवटी न्यायचा आणि पुन्हा तसेच सरकवायचे. सातव्या ओळीपासून तेच आणखी एकदा. त्यातून हा चौकोन मिळतो:

१२३ ४५६ ७८९
४५६ ७८९ १२३
७८९ १२३ ४५६
२३१ ५६४ ८९७
५६४ ८९७ २३१
८९७ २३१ ५६४
३१२ ६४५ ९७८
६४५ ९७८ ३१२
९७८ ३१२ ६४५

आडव्या ओळी, उभ्या ओळी, नऊ घरांचे लहान चौकोन, सगळे तपासून पाहिले. कुठेही अंकाची पुनरावृत्ती नाही. पाच मिनिटांत निर्दोष चौकोन मिळाला याचा मला फार आनंद झाला होता.

मग खोडणे. दिलेल्या अंकांची मांडणी डोळ्यांना समतोल दिसावी ही रीत मला माहीत होती. या कोड्याचा जन्म अमेरिकेतला आहे: हॉवर्ड गार्न्स या इंडियानातल्या वास्तुरचनाकाराने ते रचले आणि १९७९ मध्ये ते तिथल्या एका कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने छापले गेले. निकोली या जपानी प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ते जपानात आणले, आणि सुडोकू हे नाव तिथले आहे. प्रत्येक अंक एकटाच असला पाहिजे अशा अर्थाच्या लांबलचक जपानी नावाचे ते संक्षिप्त रूप आहे. निकोलीने १९८६ मध्ये रचनेसाठी दोन बंधने घातली: दिलेले अंक ३२ पेक्षा जास्त नसावेत आणि त्यांची जागा सममित असावी. म्हणजे कागद अर्धा वळसा फिरवून उलटा धरला तरी भरलेल्या आणि रिकाम्या घरांची नक्षी तीच दिसली पाहिजे. त्यामुळे अंक जोडीने खोडावे लागतात: पहिल्या ओळीतले पहिले घर रिकामे केले की नवव्या ओळीतले नववे घरही रिकामे करायचे. फक्त मध्यघराला जोडीदार नसतो, म्हणून अशा कोड्यात दिलेल्या अंकांची संख्या विषम असेल तर मध्यघर भरलेलेच असते. मी नक्षी छान जुळवत ३० अंकांवर येऊन थांबले आणि कागद काकांना दिला.

काकांनी दाखवलेली दोन उत्तरे समोर ठेवून मी त्या रात्री पहिली आणि चौथी ओळ पुन्हा पाहिली. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला १, २, ३ आणि चौथ्या ओळीच्या सुरुवातीला २, ३, १. माझ्या नक्षीत ही सहाच्या सहा घरे रिकामी होती. आता या दोन तिकड्यांची आपापसांत अदलाबदल करा. पहिल्या ओळीत तेच तीन अंक राहतात, चौथ्या ओळीतही तेच राहतात. पहिल्या उभ्या ओळीत वर १ आणि खाली २ होते, तिथे आता वर २ आणि खाली १ आले, म्हणजे ओळीतले अंक बदलले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या उभ्या ओळीचेही तसेच. लहान चौकोनांनाही धक्का नाही, कारण प्रत्येक तिकडी आपल्याच चौकोनात बसलेली आहे. म्हणजे उरलेली ७५ घरे मी भरून दिली असती, तरीही ती सहा घरे कुणालाही तर्काने भरता आली नसती. दोष काकांच्या सोडवण्यात नव्हता आणि अंक फार कमी दिले होते असेही नाही. जिथे एक अंक देणे अत्यावश्यक होते, नेमकी ती जागा मी मोकळी ठेवली होती.

त्याहून वाईट गोष्ट मला दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये सुचली. माझी नक्षी सममित होती. वरच्या डाव्या बाजूची ती सहा घरे रिकामी, म्हणजे त्यांची जोडीदार असलेली नवव्या आणि सहाव्या ओळींतली शेवटची तीन-तीन घरेही रिकामी. सहाव्या ओळीच्या शेवटी ५, ६, ४ आणि नवव्या ओळीच्या शेवटी ६, ४, ५: पुन्हा तीच अदलाबदल शक्य. दोन स्वतंत्र ठिकाणी दोन-दोन पर्याय, म्हणजे माझ्या कोड्याला किमान चार उत्तरे होती. काकांनी त्यांतली दोन शोधली होती. ज्या सममितीचा मला अभिमान वाटत होता, तिनेच दोष दुप्पट केला होता.

हे नीट समजून घेण्यासाठी मी नऊचा चौकोन बाजूला ठेवला आणि चारचा घेतला: चार आडव्या ओळी, चार उभ्या, दोन बाय दोनचे चार लहान चौकोन, अंक १ ते ४. पहिल्यांदा कोडे रचणाऱ्या कुणालाही मी हाच मार्ग सुचवेन, कारण इथे प्रत्येक पाऊल डोळ्यांसमोर राहते. असे पूर्ण भरलेले चौकोन एकूण २८८ च आहेत. मी हा घेतला:

१२ ३४
३४ १२
२१ ४३
४३ २१

यात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीची चार घरे पाहा: वर १ २, खाली २ १. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, दोन लहान चौकोन आणि दोनच अंक, तिरपे बसलेले. ही चारही घरे रिकामी ठेवली, तर बाकीची बारा घरे भरलेली असूनही १ आणि २ यांच्या जागा ठरत नाहीत. या चौकोनात असे चार आयत निवडता येतात की त्यांची घरे एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून चारपेक्षा कमी अंक देऊन भागणारच नाही. मग प्रत्येक आयतातून एकच अंक ठेवून पाहिला: पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात १, दुसऱ्या ओळीच्या चौथ्या घरात २, तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात ४, चौथ्या ओळीच्या दुसऱ्या घरात ३. बाकी सर्व रिकामे.

वाचकांनी हे कागदावर करून पाहावे. पहिल्या ओळीचे तिसरे घर घ्या: ओळीत १ आहे, त्याच उभ्या ओळीत ४ आहे, त्याच लहान चौकोनात २ आहे, म्हणून तिथे ३ च येतो. त्यावरून शेजारी ४, मग दुसऱ्या घरात २, आणि असे करत बाराही घरे एकापाठोपाठ एक भरतात. कुठेही अंदाज करावा लागत नाही. चार अंक, चार वेगवेगळ्या कामांसाठी ठेवलेले, आणि उत्तर एकच. त्यांतला कोणताही एक काढला की त्याचा आयत मोकळा होतो आणि कोडे कोसळते. सगळ्या कोड्याकडे पाहण्याची माझी दृष्टी या चार अंकांनी बदलली. तोवर मी 'किती अंक ठेवू' एवढेच विचारत होते. आता 'हा अंक इथे कशासाठी आहे' हा प्रश्न मनात आला. हिशेबाच्या कामात वीस वर्षे गेल्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता, फक्त खतावणीऐवजी तो चौकटीच्या वहीला विचारायचा होता.

आता नऊच्या चौकोनाकडे परत आले. माझा सरकवलेला चौकोन ओळखू येण्याइतका शिस्तबद्ध होता, हा त्याचा दुसरा दोष. काकांनी तो अर्धा भरल्यावरच सांगितले होते की पुढचे अंक त्यांना तर्काशिवायच दिसू लागले. म्हणून मी तो विस्कटायला घेतला. एकाच पट्ट्यातल्या, म्हणजे शेजारच्या तीन लहान चौकोनांतून जाणाऱ्या, तीन आडव्या ओळींची जागा आपापसांत बदलता येते, अख्खे पट्टे बदलता येतात, उभ्या ओळींचेही तसेच, पूर्ण चौकोन कर्णावर उलटवता येतो, आणि सर्व १ च्या जागी ७, सर्व २ च्या जागी ४ असे अंकांचे नवे बारसेही करता येते. या सगळ्यात चौकोन निर्दोषच राहतो. नुसती जागांची अदलाबदल ३३,५९,२३२ प्रकारांनी होते आणि अंकांची नावे ३,६२,८८० प्रकारांनी बदलता येतात, तेव्हा विस्कटण्याला सीमाच नाही असे वाटले. दोन संध्याकाळी विस्कटल्यावर चौकोन खरोखर अनोळखी दिसू लागला. आणि तरीही अंक खोडू लागले की पुन्हा पुन्हा दोन उत्तरे निघत होती.

याचे कारण मला खूप उशिरा उमगले. मूळ चौकोनात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या ओळीच्या सुरुवातीला केवळ १, २, ३ हेच अंक फिरत असतात. हा तीन बाय तीनचा एक बंदिस्त गट आहे. त्याची अंतर्गत मांडणी कोणत्याही नियमभंगाशिवाय बदलता येते. अशा मांडण्या १२ आहेत, आणि गटातला एक अंक दिला तरी त्यांतल्या चार शिल्लक राहतात, म्हणून प्रत्येक गटाला किमान दोन अंक द्यावेच लागतात. मूळ चौकोनात असे नऊ गट आहेत आणि ८१ घरे त्यांच्यात पूर्णपणे वाटली गेली आहेत. म्हणजे या चौकोनातून १८ पेक्षा कमी अंकांचे कोडे कधीही निघू शकत नाही, आणि १८ ते ३० च्या दरम्यानही प्रत्येक गटाची काळजी घ्यावी लागते. ओळी कितीही हलवल्या, अंकांची नावे कितीही बदलली, तरी गट फुटत नाहीत. ते फक्त पांगतात आणि डोळ्यांना दिसेनासे होतात. विस्कटल्याने दोष गेला नव्हता, तो शोधणे मात्र मला अवघड झाले होते.

मुळात पूर्ण भरलेल्या चौकोनांची संख्या ६६७०९०३७५२०२१०७२९३६९६० आहे. ही २२ अंकी संख्या फेल्गनहावर आणि जार्व्हिस या दोन संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवली. विस्कटून एकमेकांत बदलता येणारे चौकोन एकच मानले, तर खऱ्या अर्थाने वेगळे चौकोन ५४७ कोटी २७ लाख ३० हजार ५३८ उरतात. दोन संध्याकाळी जागून मी जे काही फिरवत होते, ते या यादीतल्या एकाच चौकोनाची वेगवेगळी रूपे होती. उत्तर एकच राहण्यासाठी कमीत कमी १७ अंक द्यावे लागतात हे डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने संगणकावर सर्व शक्यता तपासून २०१२ मध्ये जाहीर केले. १७ अंकांची हजारो कोडी त्याआधीच ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन रॉयल यांनी जमवली होती; १६ अंकांचे मात्र एकही नाही. माझा चौकोन त्या १७ च्या शर्यतीतही उतरू शकत नव्हता.

तेव्हा मी तो सोडला आणि नवा चौकोन हाताने भरायला बसले. कर्णावरचे तीन लहान चौकोन, म्हणजे वरचा डावा, मधला आणि खालचा उजवा, यांची कोणतीही ओळ सामायिक नसते. म्हणून ते मोकळेपणाने भरता येतात. मी १ ते ९ च्या चिठ्ठ्या करून वाटीत टाकल्या आणि उचलून उचलून ते तीन चौकोन भरले. बाकीची ५४ घरे पेन्सिलने, अडले की मागे जाऊन खोडत भरली. तीन संध्याकाळी लागल्या. त्या चौकोनाला कोणतीही चाल नव्हती, कोणतीही तिकडी सरकत नव्हती, आणि त्यातले अंक पाहून पुढचे ओळखता येत नव्हते. मग रंगीत पेन्सिलींनी मी त्यातले चार घरांचे तिरपे आयत शोधून काढले. असे नऊ सापडले. प्रत्येकातले किमान एक घर भरलेले ठेवायचे, हे खोडण्याआधीच ठरवून टाकले. आयतांखेरीज सहा, आठ किंवा त्याहून अधिक घरांचे अदलाबदलीचे गटही असतात आणि ते सगळे डोळ्यांनी सापडत नाहीत. पण सर्वांत वारंवार फसवणारे गट तरी हाताशी आले.

या वेळी खोडण्याची पद्धतही बदलली. पूर्वी मी दहा-बारा अंक एकदम खोडून मग पाहत असे. आता एक अंक खोडायचा आणि तिथेच थांबून तपासायचे. या तपासणीत एक मोठी सोय आहे. खोडण्याआधी उत्तर एकच होते हे माहीत असेल, तर खोडल्यानंतर दुसरे उत्तर निघालेच, तर ते त्याच घरात वेगळा अंक घालून निघायला हवे. म्हणून अख्खे कोडे नव्याने तपासण्याची गरज नाही. त्या एका घरात बसू शकणारे इतर अंक एकेक घालून पुढे जायचे आणि प्रत्येक वेळी विसंगती येते की नाही ते पाहायचे. सगळ्यांत विसंगती आली, तर अंक खोडलेला राहतो. एकही तडीस गेला, तर अंक परत लिहायचा. सुरुवातीच्या घरांना तपासणी दोन मिनिटांत होते. ३० च्या खाली गेल्यावर एकेका घराला अर्धा तास लागू लागला.

तेव्हा माझ्या भाच्याने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो रिकाम्या घरांत १ पासून चढत्या क्रमाने अंक घालून पाहतो, अडला की मागे येतो, आणि पूर्ण उत्तर मिळाले की थांबतो. त्याने माझे पहिले, चार उत्तरांचे कोडेसुद्धा निमूटपणे सोडवून दाखवले. सोडवता येणे आणि एकाच प्रकारे सोडवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या उत्तरावर थांबणाऱ्या प्रोग्रामला दुसऱ्याची चाहूलही लागत नाही. भाच्याने त्यावर काढलेला उपाय मला अतिशय आवडला. तो म्हणाला, "मावशी, आता तेच कोडं ९ पासून उतरत्या क्रमाने सोडवायला लावू." घरांचा क्रम तोच ठेवला, तर चढत्या क्रमाने सर्व उत्तरांतले सर्वांत आधीचे उत्तर मिळते आणि उतरत्या क्रमाने सर्वांत शेवटचे. ही दोन्ही उत्तरे अगदी सारखी असतील, तर त्यांच्या मध्ये तिसरे काही असूच शकत नाही. दोन वेळा चालवायचे, दोन उत्तरे शेजारी ठेवायची, जुळवायची. जमा आणि नावे यांचा ताळा पाहावा तशी ती जुळवणी मी प्रत्येक जोडी खोडल्यावर करत होते.

असे करत मी २४ अंकांवर आले. दोन्ही उत्तरे जुळली. मी कागद पुन्हा काकांना दिला आणि निश्चिंत झाले.

काकांनी तो तीन दिवसांनी परत केला, अर्धवट. "उत्तर एकच असेल, मी नाकारत नाही," ते म्हणाले, "पण इथून पुढे मला फक्त अंदाज करून पाहावं लागतं. तू सांग, या टप्प्यावर मी कोणता अंक कशावरून लिहायचा?" मी बसले, आणि मलाही सांगता आले नाही. एकाच अंकाची शक्यता उरली आहे असे एकही घर नव्हते, आणि एकच जागा उरली आहे असा एकही अंक कोणत्याही ओळीत किंवा चौकोनात नव्हता. दोन घरांत दोनच अंक अडकले आहेत, म्हणून ते ओळीतल्या इतर घरांतून काढता येतात, असली जोडीही सापडेना. प्रोग्राम अडत नव्हता, कारण अंदाज करून मागे फिरणे हेच तर त्याचे काम. माणसाने मात्र तसे करावे ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. कोडे रचणारा सोडवणाऱ्याला दोन गोष्टींचे वचन देतो: उत्तर एकच आहे, आणि तिथपर्यंत तर्काची वाट आहे. पहिल्या वचनाची खात्री यंत्र देऊ शकते. दुसऱ्याची खात्री, निदान माझ्यासारख्या नवख्या रचनाकारासाठी, पेन हातात घेतलेला माणूसच देतो. लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये १२ नोव्हेंबर २००४ पासून सुडोकू छापून येऊ लागले आणि तिथून ते जगभर पसरले, ते वेन गूल्ड या हाँगकाँगच्या निवृत्त न्यायाधीशांनी सहा वर्षे खपून लिहिलेल्या प्रोग्राममुळे. निकोलीची कोडी मात्र माणसांच्या हातची असतात. त्या दुसऱ्या परंपरेकडे माझा ओढा का आहे, हे मला त्या अर्धवट कागदामुळे उमजले: तिथे अंक ठेवणाऱ्याने सोडवणाऱ्याचा पुढचा विचार आधी स्वतः केलेला असतो.

मी काकांचा अडलेला टप्पा जसाच्या तसा उतरवून घेतला आणि कोणती जोडी परत दिली तर पुढची वाट उघडते ते पाहू लागले. एक अंक असा सापडला की तो दिल्यावर वरच्या मधल्या चौकोनात ६ ला एकच जागा उरत होती, आणि त्यापुढे आठ-नऊ घरे आपोआप उघडत होती. त्याचा सममित जोडीदारही परत लिहिला. आणखी एक जोडी खालच्या पट्ट्यासाठी. दिलेले अंक २८ झाले, रिकामी घरे ५३. दिलेल्या अंकांच्या संख्येवरून कोड्याची काठिण्यपातळी ठरत नाही, हेही इथेच पटले. एका योग्य जागच्या अंकाने जे काम होते, ते भलत्या जागच्या पाच अंकांनी होत नाही.

अंतिम चाचणीसाठी तीन जण निवडले: काका, आमच्या मजल्यावरची नववीतली एक मुलगी, आणि नागपूरची माझी बहीण, जिला मी पक्क्या प्रतीचा फोटो पाठवला. तिघांना एकच विनंती केली. किती वेळ लागला ते सांगू नका. प्रत्येक घर भरताना त्याच्या कोपऱ्यात ते कितवे भरले तो क्रमांक बारीक अक्षरात लिहा, आणि जिथे बराच वेळ थांबावे लागले तिथे एक टिंब द्या. १ पासून ५३ पर्यंतच्या त्या क्रमांकांनी मला जे दाखवले, ते कोणत्याही अभिप्रायाने दाखवले नसते. काका आणि ती मुलगी, दोघांचेही टिंब बाविसाव्या-तेविसाव्या अंकाच्या आसपास होते, म्हणजे जिथे एक जोडी ओळखावी लागते तिथेच. मुलगी तिथे एक पूर्ण दिवस थांबली आणि मग स्वतःच पुढे गेली. ती जागा सोपी करावी का, यावर मी बराच विचार केला आणि ती तशीच ठेवली, कारण ते कोड्यातले सर्वांत सुंदर ठिकाण आहे असे मला वाटते.

बहिणीचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला. "अगं, सहाव्या ओळीत तू दोन आठ दिले आहेस." मी वही पाहिली, वहीत ६ होता, पक्क्या प्रतीवर उतरवताना त्याचा ८ झाला होता. रचना, आयत, प्रोग्राम, ताळा, सगळे वहीतल्या कोड्यावर झाले होते आणि वाचकांच्या हातात मी वेगळाच कागद देणार होते. त्यानंतर मी पक्की प्रत स्वतः कोरी समजून पहिल्यापासून सोडवली आणि तिच्यावरूनच अंक पुन्हा प्रोग्राममध्ये भरले. हस्तलिखिताच्या पानावर उतरवल्यावर तेच आणखी एकदा केले.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी काका मंडपात खुर्ची टाकून बसले होते आणि त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या मांडीवर होती. चाचणीच्या वेळची वाट आठवू नये म्हणून या खेपेस त्यांनी खालून वर सोडवायला घेतले होते. शेवटी पाचव्या ओळीतले मध्यघर राहिले. त्यांनी आडवी ओळ पाहिली, उभी ओळ पाहिली, चौकोन पाहिला, तिथे ७ लिहिला, आणि पेन तसेच धरून इतर कुठला अंक तिथे बसतो का ते पुन्हा एकदा सावकाश तपासले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाही बसत."